मला आठवलं ते खरंच घडलं होतं का?

"मॅडम, हे खरंच झालं होतं का, तेवढंच सांगा." उपचारासाठी माझ्याकडे आलेल्या एका स्त्रीने खुर्चीच्या टोकावर बसून पहिलाच प्रश्न हा विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय ३४. झोप लागत नाही म्हणून ती कुणा 'रिग्रेशन' (मनाने मागे, लहानपणात नेऊन आठवणी काढणं) करणाऱ्याकडे गेली होती. डोळे मिटायला लावून तो पुन्हा पुन्हा विचारायचा, 'लहानपणी कोणी हात लावला होता? नीट बघ, कोण आहे?' चौथ्या बैठकीत तिला काका दिसले. माडीवरची खोली, निळं दार. त्याआधी यातलं काहीच आठवत नव्हतं.

मी सांगितलं, बाहेरचा पुरावा नसेल तर हे मला ठरवता येणार नाही, कुणालाच नाही. आठवण किती लख्ख आहे, सांगताना किती रडू येतं, यावरूनही नाही. १९९५ साली अमेरिकेत मानसशास्त्राच्या अभ्यासक एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलीन पिकरेल यांनी २४ जणांना त्यांच्या लहानपणचे चार प्रसंग वाचायला दिले. तीन घरच्यांनी सांगितलेले, खरे. चौथा, दुकानांच्या गर्दीत हरवल्याचा, रचलेला. नंतरच्या मुलाखतींत सहा जणांना तोही पूर्ण किंवा थोडाफार 'आठवला'. म्हणून मी संमोहन लावून आठवणी उकरत नाही, आणि उत्तर आधीच तोंडात घालणाऱ्या प्रश्नांचा मला मनापासून राग येतो.

पण एवढ्यावरून घरातल्या मुलीला 'मनाचे खेळ आहेत तुझ्या' म्हणत कोणी गप्प बसवू नये. संशोधक लिंडा विल्यम्स यांच्या १९९४च्या अभ्यासात, लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याची नोंद असलेल्या १२९ स्त्रियांशी सुमारे १७ वर्षांनी बोलणं झालं. ३८ टक्के स्त्रियांनी तो प्रसंग सांगितलाच नाही. काहींना सांगायचा नसेल, काही खरोखरच विसरल्या असतील.

पुढच्या वेळी ती जुना अल्बम घेऊन आली. फोटोत माडीचं दार हिरवं होतं. "म्हणजे खोटंच ना?" मी म्हटलं, "दाराचा रंग चुकला म्हणून प्रसंग खोटा ठरत नाही. आणि रंग जुळला असता तरी तेवढ्याने खरा ठरला नसता." ती बराच वेळ त्या दारावरून बोट फिरवत राहिली.

मग आम्ही झोपेकडे वळलो, रात्री भरणाऱ्या धडकीकडे. काकांना जाब विचारायची घाई नको, त्यांच्या पाया पडायची सक्तीही नको, एवढं ठरवलं. गौरी-गणपतीला ती गावी गेली नाही. आईला फोनवर म्हणाली, "यंदा नाही जमत."

आता पहाटेपर्यंत झोप लागते. दार मात्र अजून निळंच दिसतं, म्हणते.