लाकडी फ्लोअरिंग फुगलं, शोरूम आणि मिस्त्री दोघांचेही हात वर

प्रश्न : ठाण्यात घोडबंदर रस्त्याला आमचा फ्लॅट आहे, पार्किंगच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर. फेब्रुवारीत हॉल आणि एका बेडरूममध्ये सात इंच रुंद फळ्यांचं सॉलिड ओकचं फ्लोअरिंग करून घेतलं. माल ४ लाख २५ हजारांचा. त्यातल्या २ लाख ७५ हजारांचं जीएसटी बिल आहे. दीड लाख रोख दिले, त्याची फक्त हाताने लिहिलेली चिठ्ठी. फिटिंगसाठी मिस्त्री शोरूमनेच पाठवला. त्याचे ६० हजार ठरले होते, ४० हजार यूपीआयने दिले. जुलैत फळ्यांच्या कडा उचलल्या, दारापाशी दोन फळ्या सुटूनच आल्या. शोरूम म्हणतं, 'लाकूड हलतंच, ओलाव्याचं नुकसान वॉरंटीत येत नाही, फिटिंग चुकलंय.' मिस्त्री म्हणतो, 'मालच ओला होता.' वर उरलेल्या २० हजारांसाठी पोलिसांत जायची धमकी देतो. मी याच हॉलमध्ये कथ्थकचे क्लास घेते. बिलाखाली 'बेंगळुरू न्यायक्षेत्र' छापलंय. सगळं उखडून टाइल्स बसवाव्यात असं घरच्यांचं म्हणणं आहे. काय करू?

उत्तर : ताई, उखडू नका. निदान अजून नाही. तुमचा सर्वांत मोठा साक्षीदार ती फुगलेली जमीनच आहे. ती भंगारात गेली की उरेल फक्त तुमचा शब्द आणि त्यांचा शब्द. मिस्त्री 'पॉलिश मशीन फिरवून सपाट करून देतो' म्हणाला तर तेही नको. एक तर पुरावा घासला जाईल, आणि दुसरं म्हणजे ओली फळी कडा घासून सपाट केली की उन्हाळ्यात वाळल्यावर मधेच उंचवटा येतो.

आता थोडं लाकडाबद्दल, कारण तुमचा खटला तिथेच उभा राहील किंवा पडेल. फळी रुंदीच्या दिशेने फुगते. लांबीत फारसा फरक पडत नाही. म्हणून फळी जितकी रुंद तितकी तिची हालचाल जास्त. कडा वर आणि मध्य खाली, म्हणजे फळीची खालची बाजू वरच्यापेक्षा जास्त ओली. अशा वेळी ओल बहुतेक खालून आलेली असते. पार्किंगवरचा स्लॅब, त्यावरचा कोबा, त्यावर प्लाय आणि मग ओक, असं तुमच्याकडे असेल, तर बसवण्याआधी खालच्या थराचा आणि फळीचा ओलावा मीटरने मोजायला हवा होता. अमेरिकेतल्या नॅशनल वुड फ्लोअरिंग असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन इंच किंवा त्याहून रुंद सॉलिड फळ्यांसाठी या दोन आकड्यांत २ टक्क्यांपेक्षा जास्त तफावत नको. या सूचना आपल्याकडे कायदा नाहीत, पण जाणकार कारागीर काय करतो हे दाखवायला उपयोगी पडतात. दुसरी गोष्ट, भिंतीकडेने स्कर्टिंगखाली मोकळी फट सोडली होती का? दारापाशी फळ्या सुटल्या याचा अर्थ फुगायला जागा नसावी. आणि तिसरी, माल घरात येऊन किती दिवस तसाच ठेवला होता? ट्रक आला आणि त्याच संध्याकाळी ठोकाठोकी सुरू झाली असेल, तर तारखेचा व्हॉट्सअॅप मेसेज शोधून ठेवा.

हे सगळं तज्ज्ञाकडून कागदावर आणा. ओलाव्याचा मीटर असलेला स्वतंत्र सिव्हिल इंजिनिअर किंवा आर्किटेक्ट बोलवा, शोरूमच्या ओळखीतला नको. शोरूम आणि मिस्त्री, दोघांनाही तारीख-वेळ लेखी कळवा आणि त्या दिवशी एक फळी उचला. कुणी आलं नाही तर दोन शेजाऱ्यांसमोर पंचनामा करा. फळीची वरची बाजू, खालची बाजू, प्लाय आणि कोबा यांची वेगवेगळी रीडिंग घ्या, आणि बेडरूमची विसरू नका.

बेडरूमची का? समोरचा वकील तुमचं कथ्थक पुढे करणारच. म्हणेल, घुंगरू बांधून रोज तत्कार केल्यावर फ्लोअरिंगचं काय होणार! पण बेडरूममध्ये कुणी नाचत नाही, आणि कडा तिथेही उचलल्या असतील तर हा मुद्दा तिथेच संपतो. 'व्यापारी हेतू' हा, म्हणजे क्लाससाठी घेतलं म्हणून तुम्ही कायद्याने ग्राहकच नाही, असा आक्षेपही येईल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) प्रमाणे केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाही. शिवाय खरेदीचा मुख्य हेतू काय होता ते पाहायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये लीलावती ट्रस्टच्या प्रकरणात सांगितलं आहे. तुम्ही ही जमीन राहत्या घरासाठी केलीत.

आता शोरूमचं ते लाडकं वाक्य, 'लाकूड हलतंच'. मला विचाराल तर ही त्यांची ढाल नाही, कबुली आहे. हलतं हे ठाऊक होतं, तर ठाण्यातल्या, पार्किंगवरच्या फ्लॅटसाठी सात इंची सॉलिड फळी विकताना सांगितलं का? थर चिकटवून बनवलेली इंजिनिअर्ड फळी अशा ठिकाणी कमी हलते, हे विकणाऱ्याला माहीत असतं. ग्राहक कायद्याच्याच कलम २(११) मध्ये सेवेतल्या त्रुटीची व्याख्या आहे, आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं त्यात स्पष्टपणे येतं. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम १६ही तुमच्या बाजूचं आहे. गरज सांगून, विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला, तर तो त्या कामाला योग्य असला पाहिजे. ठरावीक ब्रँडचं नाव घेऊन तुम्हीच तो मागितला असेल तर मात्र हे कलम सैल पडतं, म्हणून निवड कुणी सुचवली ते आठवून लिहा. वॉरंटीची पुस्तिका पैसे दिल्यानंतर खोक्यातून निघाली असेल, तर तिच्यातली अट सौद्याचा भाग नव्हती असं आपण म्हणू शकतो.

शोरूम की मिस्त्री, हे तुम्ही ठरवत बसू नका. दोघांनाही विरुद्ध पक्ष करा आणि 'वैयक्तिक वा संयुक्तिकपणे' भरपाई मागा. मिस्त्री शोरूमने पाठवला हे चॅटमधून दिसत असेल तर 'आमचा संबंध नाही' म्हणणं त्यांना जड जाईल. बिल्डरला मात्र सध्या तक्रारीत ओढू नका. ओढलात तर 'स्लॅबच खराब' हा बचाव शोरूमला आयता मिळेल. रिपोर्टमध्ये बांधकामाची गळती निघाली आणि ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील, तर रेरा कायद्याच्या कलम १४(३) खाली बिल्डरला वेगळी नोटीस द्या.

दीड लाखांच्या रोखीबद्दल लपवाछपवी नको. बिल न देणं ही विक्रेत्याची अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिनबिलाच्या सौद्याला तुम्हीही मान डोलावलीत म्हणून दोन शब्द ऐकावे लागतील, ते ऐका. पण रक्कम सोडू नका. चिठ्ठी, पूर्ण रकमेचं कोटेशन, त्या दिवशी बँकेतून काढलेले पैसे, हे एकत्र जोडा. चॅटच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लावा.

बेंगळुरूची चिंता सोडा. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, ग्राहक कायद्याचं कलम ३४(२)(ड). म्हणजे ठाणे. तुम्ही एकूण ४ लाख ६५ हजार दिलेत. ५ लाखांपर्यंत फी शून्य आहे. तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची, आणि वाद नको म्हणून ती फेब्रुवारीपासूनच मोजा. कायदा निकालासाठी तीन महिने म्हणतो, मालाची तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात जास्त लागतात. म्हणून तक्रारीसोबतच पाहणीसाठी आयोगातर्फे कमिशनर (पाहणी अधिकारी) नेमण्याचा अर्ज द्या. पाहणी झाली की टाइल्स बसवायला तुम्ही मोकळ्या.

मिस्त्रीच्या धमकीला घाबरू नका. कामाच्या दर्जावरून पैसे अडवणं ही फसवणूक नव्हे, तो दिवाणी वाद आहे. काम सदोष असल्यामुळे २० हजार रोखले आहेत आणि ते भरपाईत वळते करायचे आहेत, असं तक्रारीआधी द्यायच्या नोटिशीत स्पष्ट लिहा. नोटीस स्पीड पोस्टाने दोघांना पाठवा आणि पंधरा दिवस द्या.

नोटीस गेली की शोरूममधून गोड फोन येईल. पुढच्या खरेदीवर सूट किंवा त्याच फळ्या पुन्हा बसवून देण्याचं आश्वासन घेऊ नका. इंजिनिअर्ड फळी, खाली ओलरोधक थर आणि रीडिंग लेखी, असं देत असतील तर विचार करा. 'पूर्ण आणि अंतिम तडजोड' लिहिलेल्या कागदावर मात्र काम होईपर्यंत किंवा पैसे खात्यात जमा होईपर्यंत सही करू नका.