चश्मे इमारत आणि नाकावरचा चष्मा

प्रश्न असा आहे: इराणच्या माझंदरान प्रांतातल्या, म्हणजे कॅस्पियन समुद्राकाठच्या जुन्या शाही बागांबद्दल वाचताना बेहशहर गावातल्या 'चश्मे इमारत' या वास्तूचं नाव आलं. यातला चश्मे म्हणजे आपला चष्माच का? विचारणाऱ्यांना कुणीतरी असंही सांगितलंय, की वाडा चष्म्यासारखा दोन गोलांचा आहे म्हणून हे नाव पडलं.

दोन गोलांची गोष्ट सोडून द्या. शब्द मात्र आपल्या ओळखीचाच आहे. फारसीत 'चश्म' म्हणजे डोळा आणि 'चश्मा' म्हणजे झरा; आजचे इराणी त्याचा उच्चार 'चेश्मे' असा करतात. जमिनीला जिथे पाण्याचा डोळा फुटतो तो चश्मा. हा वाडा झऱ्यावरच उभारलेला, झऱ्याचं पाणी खालच्या मजल्यावरच्या हौदात. म्हणून चश्मे इमारत: झऱ्यावरचा वाडा, दुसरं काही नाही.

डोळ्यावरून असे शब्द निघणं आपल्याला नवं वाटायला नको. उसाच्या कांडीला डोळा असतो, बटाट्याला असतो, नारळाला तर तीन असतात. फारसीने हेच झऱ्याच्या बाबतीत केलं आणि पुलाच्या बाबतीतही. इस्फहानच्या ३३ कमानींच्या प्रसिद्ध पुलाला 'सी ओ से चश्मे', म्हणजे ३३ डोळ्यांचा पूल, असंही म्हणतात. हा 'चश्म' आपल्या 'चक्षु'चा सख्खा नसला तरी चुलत भाऊ आहे. दोघांच्या मागे 'चक्ष्' हाच धातू.

मग काचांचा चष्मा? तो अर्थ हिंदुस्थानात रुळला. उर्दूत आजही चश्मा म्हणजे झराही आणि नाकावरचा चष्माही. मराठीने त्यातला एकच अर्थ उचलला. काश्मीरला गेलेल्यांना श्रीनगरची चश्मेशाही आठवत असेल, शाहजहानच्या काळातली बाग. आमच्या काकू तिथल्या पायऱ्या चढता चढता "इथे चांगले गॉगल मिळतात वाटतं" म्हणाल्या होत्या. वर पोचल्यावर झऱ्याचं गार पाणी ओंजळीत घेऊन तोंडाला लावलं तेव्हा त्यांना नावाचा उलगडा झाला.

आता गंमत बघा. इराणात चष्म्याला चश्मा म्हणत नाहीत, 'एनक' म्हणतात. हिंदीतली 'ऐनक' तीच. तिच्या मुळाशी अरबी 'ऐन', आणि ऐनचा अर्थही डोळा. एवढंच नाही, अरबीत ऐन म्हणजे झरासुद्धा! आखातात अल ऐन नावाचं शहर आहे, तिथे नोकरीला असलेली मराठी मंडळीही बरीच. त्या नावाचा अर्थ 'झरा'. म्हणजे दोन वेगळ्या कुळांतल्या भाषांना पाण्याकडे पाहून डोळाच आठवला. याच ऐनला 'नेमका तोच, अस्सल' असा आणखी एक अर्थ आहे. आपलं 'ऐन वेळी' आणि जुन्या दप्तरांतलं 'ऐनजिनसी', म्हणजे पैशांऐवजी वस्तूंच्या रूपातलं, तिथून आलं. 'ऐना' मात्र यात ओढू नका. आरशाचा ऐना हा निराळा फारसी शब्द आहे, त्याचा डोळ्याशी संबंध नाही.

'इमारत'ही मूळची अरबी, फारसीमार्फत आपल्याकडे आलेली. वसवणं, बांधणं, नांदतं करणं अशा अर्थाच्या धातूपासून ती निघाली. त्याच धातूपासून 'उमर' म्हणजे वय. फारसीत इमारत म्हटलं की हवेली, प्रासाद असं भारदस्त काहीतरी डोळ्यांपुढे येतं. मराठीत तिचा तोरा पार उतरला. महापालिकेच्या 'ही इमारत धोकादायक आहे' या पाटीवर ती निमूट बसते आणि वखारीत 'इमारती लाकूड' होऊन विकली जाते.

ही बाग कुणाची, तेही सांगून टाकतो. बेहशहरचं जुनं नाव अश्रफ. सफवी घराण्याच्या पहिल्या शाह अब्बासने १६१२च्या सुमारास ते वसवलं. त्याची आई माझंदरानची, त्यामुळे या मुलखाची त्याला ओढ होती. जवळच फराहाबाद हेही त्याचंच. पिएत्रो देल्ला व्हाले हा इटालियन प्रवासी १६१८ साली याच मुलखात शाहला भेटला आणि पुढे १६२३ मध्ये आपल्या गोव्यातही येऊन गेला. शाह अब्बास १६२९ साली अश्रफलाच वारला. बेहशहरपासून थोड्या अंतरावरची अब्बासाबादची बाग, जिथे तळ्याच्या मधोमध विटांचं बांधकाम उभं आहे, ती २०११ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. इराणी पठारावरच्या कितीतरी बागा कनातींच्या, म्हणजे जमिनीखालून आणलेल्या पाटांच्या, जिवावर जगल्या. इथे मागे एल्बुर्झचा जंगली डोंगर, पुढे समुद्र. पाणी डोंगरातूनच येतं. वाड्याच्या नावात झरा आला तो असा.

अश्रफच्या बागांमध्ये एक 'बागे खलवत' होती. खलवत म्हणजे एकांत. मराठीत आल्यावर त्याचं 'खलबत' झालं, आणि एकांतात बसलेली माणसं काहीतरी शिजवतच असणार अशी आपली खात्री असल्यामुळे 'खलबतं चालली आहेत' हा वाक्प्रचार रुळला. (खलबत्त्याचा याच्याशी काही संबंध नाही, तो खल आणि बत्ता.) समुद्राचा 'दर्या' मात्र आपण फारसीतल्या अर्थानेच ठेवला. हिंदीवाले दरिया नदीलाही म्हणतात. आपला दर्या, दर्यावर्दी, दर्यासारंग खाऱ्या पाण्यातच राहिले.

राहिला लेखनाचा मुद्दा. आपल्या चष्म्यात 'ष' आहे तो ग्रीष्म, ऊष्मा यांच्या सवयीने. मूळ फारसीत तो साधा 'श'. नाकावरच्या वस्तूसाठी चष्माच लिहा, आता तेच बरोबर आहे. वाड्याचं नाव लिहिताना मात्र 'चश्मे इमारत' असं श घालून लिहावं. 'चष्मे इमारत' वाचलं की पेठेतल्या चष्म्यांच्या दुकानांचा मजला वाटतो.