'आनंद निर्देशांक' म्हणावं की 'सुखी देशांची क्रमवारी'?

प्रश्न असा आला आहे: दरवर्षी मार्चमध्ये येणाऱ्या 'वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट' या जागतिक अहवालाला बातम्यांत कुठे 'आनंद निर्देशांक' म्हणतात, कुठे 'आनंदी देशांची यादी', तर कुठे 'सुखी देशांची क्रमवारी'. यातलं बरोबर काय? आणि 'वेलबीइंग'ला मराठीत काय म्हणावं?

माझं मत 'सुखी देशांची क्रमवारी'ला. त्यासाठी लोकांना नेमकं काय विचारतात ते आधी बघू. २०१२पासून निघणाऱ्या या अहवालाची क्रमवारी गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या सर्वेक्षणातल्या एकाच प्रश्नावर ठरते. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात वरची पायरी म्हणजे तुम्हाला शक्य असलेलं उत्तमातलं उत्तम आयुष्य, सगळ्यात खालची म्हणजे वाइटातलं वाईट. सध्या तुम्ही कुठल्या पायरीवर आहात? झालं. हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञाची ही शिडी १९६०च्या दशकातली. तिच्यात आनंद, सुख, समाधान यांपैकी एकही शब्द येत नाही!

आता मराठीचा कान लावा. 'काल दिवसभर आनंदात होतो' हे सहज येतं, 'काल दिवसभर सुखी होतो' कुणी म्हणत नाही. आनंद होतो आणि ओसरतो. 'सुखी आहे' असं आपण म्हणतो ते माणसाचं एकंदर बरं चाललंय हे बघून. शिडीवर हेच एकंदर विचारलेलं असतं, म्हणून 'सुखी'. 'समाधानी' का नाही? कारण आपल्याकडे समाधान 'मानून' घेता येतं. पाचव्या पायरीवरचा माणूसही खुशाल समाधानी असू शकतो.

पण 'आनंद'पेक्षा मला जास्त खटकतो तो 'निर्देशांक'. निर्देशांक म्हणजे वेगवेगळी मापं ठरावीक सूत्राने एकत्र करून काढलेला आकडा. मानव विकास निर्देशांकात आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न असं एकत्र येतं. भूतानच्या 'सकल राष्ट्रीय आनंदा'च्या मोजणीत तर नऊ क्षेत्रं आणि ३३ निर्देशक आहेत. तिथे निर्देशांक शब्द शोभतो. इथे मात्र लोकांनी सांगितलेल्या पायऱ्यांची तीन वर्षांची सरासरी आहे, बाकी काही नाही. दरडोई उत्पन्न, अडीनडीला धावून येणारी माणसं, निरोगी आयुर्मान, निवडीचं स्वातंत्र्य, दानत आणि भ्रष्टाचाराबद्दलची भावना हे सहा घटक 'मोजून गुण दिले जातात' असं बातम्यांत छापतात, ते चुकीचं आहे. ते घटक देशादेशांतला फरक का पडतो हे समजावण्यासाठी मागाहून वापरतात. गुण त्यांच्यावरून ठरत नाहीत. ही गैरसमजूत पसरायला 'निर्देशांक' या शब्दाचा बराच हातभार लागला असावा.

गंमत म्हणजे 'आनंद निर्देशांक' हे नाव शोभेल असं एक माप खरंच आहे. काल भरपूर हसलात का, विश्रांती मिळाली का, लोक आदराने वागले का, अशा पाच हो-नाही प्रश्नांवरून गॅलपच ते काढतं. तिथे लॅटिन अमेरिकेतले देश वरचढ असतात. पॅराग्वे कित्येक वर्षं पहिला होता. शिडीवर २०१८पासून सलग पहिला आलेला फिनलंड तिथे पहिला नसतो. दोन्ही याद्यांना 'आनंदी देश' म्हटलं, तर वाचकाने कुठली खरी मानायची?

राहिलं 'वेलबीइंग'. 'कल्याण' म्हटलं की सरकारी योजना आठवते आणि 'स्वास्थ्य' आता आरोग्याकडे झुकलंय. मी 'सुस्थिती' वापरतो. यंत्रंही सुस्थितीत असतात, हा आक्षेप मला मान्य आहे, पण शब्द पुरेसा ऐसपैस आहे. ब्रिटनचं सांख्यिकी कार्यालय २०११पासून चार गोष्टी विचारतं: आयुष्याबद्दल किती समाधानी आहात, करताय ते कितपत सार्थ वाटतं, काल किती आनंदात होतात, काल किती चिंतेत होतात. इथे समाधान, सार्थकता, आनंद, चिंता हे शब्द जिथल्या तिथे ठेवावेत आणि चौघांच्या डोक्यावर 'सुस्थिती' लिहावं.