कंपनीत जावा ८ आहे, आता पैसे भरावे लागतील का? १७ वर जावं की २१ वर?

तुम्ही विचारलंय की ऑफिसातल्या जुन्या सॉफ्टवेअरला जावा ८ लागतं, आता जावाला पैसे पडतात असं कुणी सांगितलं, ते खरं का, आणि बदलायचंच तर १७ की २१.

जावाला पैसे पडत नाहीत. ओरॅकल कंपनीच्या जावाला पडतात, तेही आवृत्ती आणि तारीख बघून. एवढा फरक मी आमच्या दाजींना २०१९ पासून सांगतोय, त्यामुळे उत्तर लांबणार.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटर बघतो. म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापासून सर्व्हरपर्यंत सगळं. स्टॉक आणि चलनाचं सॉफ्टवेअर दाजींनी पुण्यात बसून लिहून दिलेलं, जावा ८ वर. जानेवारी २०१९ ला ताई-दाजी सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला आले होते. जेवताना मी विषय काढला, की जावा ८ चे कंपन्यांसाठीचे फुकट अपडेट या महिन्यात संपताहेत, ओपनजेडीकेचं बिल्ड, म्हणजे जावाच्याच खुल्या कोडवरून केलेलं फुकट जावा, टाकून घेऊ. दाजी कडक भाकरी मोडत म्हणाले, "सोलापुरात कोण बघायला येतंय बे? आणि ओपन सोर्स घातलं की आपला कोडपण उघडा करावा लागतो, माहितीये का?" सगळे हसले. मी गप्प बसलो.

दाजींचं दुसरं वाक्य साफ चूक आहे. ओपनजेडीके जीपीएल या ओपन सोर्स परवान्याखाली आहे, पण त्याला क्लासपाथ एक्सेप्शन नावाची सूट जोडलेली आहे. त्यावर चालणारा तुमचा प्रोग्राम तुमचाच राहतो. हे ओरॅकलच्या आधी जावा ज्यांचं होतं त्या सन कंपनीच्या काळापासून आहे, काल आलेलं नाही.

आता पहिलं वाक्य. जानेवारी २०१९ चं ८ अपडेट २०२ हे जुन्या परवान्यातलं शेवटचं. एप्रिलमध्ये २११ आलं ते नव्या परवान्यावर: घरी वापरा, कोड लिहायला-तपासायला वापरा, पण धंद्याच्या रोजच्या कामाला लावायचं तर सबस्क्रिप्शन. आणि घड्याळाशेजारी ते नारंगी कपबशीचं चित्र येतं ना, "अपडेट आहे" म्हणून? आमच्या पॅकिंगमधल्या पोरानं ते इमानदारीत दाबलं. त्याचा काय दोष, अपडेट करावं असं मीच शिकवलेलं.

२०२३ मध्ये मुंबईच्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं ऑडिटचा फॉर्म पाठवला. त्यात एक रकाना, कुठली सॉफ्टवेअर वापरता आणि परवाने कोणते. ११ मशीन तपासली, ४ वर २०२ च्या पुढचं जावा. त्याच वर्षी जानेवारीत ओरॅकलनं हिशोबच बदलला होता. आधी डेस्कटॉपला माणशी महिना अडीच डॉलर, म्हणजे आमच्या ११ पीसींचे साडेसत्तावीस. नव्या पद्धतीत जावा किती जण वापरतात याला अर्थच नाही, कंपनीत माणसं किती ते मोजायचं. हजाराच्या आतल्या कंपनीला माणशी १५ डॉलर. आमच्याकडे १४० माणसं. मागवाले, कटिंग-शिलाईच्या बायका, वॉचमन, सगळे धरून महिन्याला २१०० डॉलर. मालकांना आकडा सांगितला तर ते म्हणाले, "वॉचमन जावा चालवतो का?"

सुट्टीच्या दिवशी बसून सगळीकडचं ओरॅकलचं काढलं, टेमुरिन ८ हे ओपनजेडीकेचं बिल्ड टाकलं. कोडची एक ओळ बदलावी लागली नाही. मी खूश. सोमवारी दुपारी गेटवर टेम्पो अडवलेला. वॉचमन चलन घेऊन उभा: "साहेब, यात ४० किलो लिहिलंय, आणि माल तर गाडीभर दिसतोय." ४० डझन होते. आकडा सरकून वजनाच्या रकान्याखाली गेला होता. दाजींनी चलनासाठी ल्युसिडाचा टाइपरायटर फॉन्ट कोडातच ठोकून ठेवलेला. ओरॅकलच्या जावा ८ बरोबर तो येतो, ओपनजेडीकेच्या बिल्डमध्ये नसतो. फॉन्ट सापडला नाही की जावा तक्रार करत नाही, गुपचूप दुसरा लावतं, आणि त्यात सगळी अक्षरं सारख्या रुंदीची नसतात. सोर्स, म्हणजे मूळ कोड, दाजींकडे, त्यामुळे चार दिवस चलनं हातानं लिहिली. फोनवर दाजी काय म्हणाले असतील? "तुझ्या त्या ओपनमुळंच बिघडलं ना!"

तर, आधी प्रत्येक मशीनवर जावाची व्हर्जन विचारा. 'ओपनजेडीके' असं आलं तर बहुतेक निवांत राहा. 'जावा टीएम' आलं आणि आकडा २०२ च्या पुढचा असेल तर हला. टेमुरिन, अ‍ॅमेझॉनचं कोरेटो, अझुलचं झुलू, कुठलंही चालतं. सॉफ्टवेअर जावाएफएक्समध्ये (खिडक्या-बटणं काढायचं जावाचं साधन) असेल तर टेमुरिनमध्ये ते मिळत नाही, झुलूचं एफएक्सवालं घ्या. २०२ वरच अडकून राहणं परवान्यात बसतं, पण तेव्हापासूनच्या सुरक्षेच्या भोकांना ठिगळ नाही.

१७ की २१? ओरॅकलचंच घेणार असाल तर १७ चे फुकट अपडेट सप्टेंबर २०२४ ला संपले, २१ चे सप्टेंबर २०२६ पर्यंत. ओपनजेडीकेचं बिल्ड घेतलं तर या तारखांचा त्रास नाही, २१ घ्या. मात्र ८ वरून थेट उडी मारली तर सॉफ्टवेअरमध्ये वापरलेल्या जुन्या लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेले तयार कोड, रडतात. आम्ही अजून ८ वरच आहोत.

मी वकील नाही. एखाद्या विकतच्या सॉफ्टवेअरबरोबर जावाचा परवाना आलेला असू शकतो, त्या विक्रेत्याला लेखी विचारा. आणि ज्यानं सॉफ्टवेअर लिहिलं त्याच्याकडून सोर्स आधी घ्या, नातेवाईक असला तरी. दाजींनी फॉन्ट बदलून जार, म्हणजे तयार प्रोग्रामची फाइल, पाठवली. सोर्सची झिप "उद्या पाठवतो" म्हणाले होते, त्यानंतर दोन गड्डे झाले.