मऊ शरीराचा जीवाश्म होण्यासाठी प्राणवायूचा अभाव पुरेसा असतो का?

आपण विचारले आहे की, हाडे आणि शिंपले टिकतात हे समजण्यासारखे असले, तरी जे चार दिवसांत कुजते त्या स्नायूंचे आणि कल्ल्यांचे जीवाश्म कोट्यवधी वर्षांनंतर कसे सापडतात, त्यासाठी पाण्याच्या तळाशी प्राणवायू नसणे पुरेसे असते का, आणि आपल्याकडे असे काही मिळते का. मी भूशास्त्र शिकवतो आणि हा विषय मला विशेष प्रिय आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्राणवायू नसल्याचा फायदा निश्चित आहे, कारण मृत शरीर फस्त करणारे आणि गाळ उकरणारे प्राणी तेथे जगत नाहीत. परंतु कुजणे त्यामुळे थांबत नाही. समुद्राच्या पाण्यात आज दर किलोमागे सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट (गंधक आणि प्राणवायू यांचा विरघळलेला क्षार) असते, आणि प्राणवायू संपल्यावर त्या सल्फेटच्या आधारे जगणारे जीवाणू शरीराचा फडशा पाडतात. त्यामुळे पाठ्यपुस्तकांत प्राणवायूवर दिला जाणारा भर मला अपुरा वाटतो. ऊती नाहीशा होण्याआधी एखादे खनिज त्यांच्यात किंवा त्यांच्याभोवती बसले का, यावर बहुतेक वेळा सगळे अवलंबून असते, आणि कोणते खनिज किती लवकर बसेल हे त्या काळच्या पाण्याची व गाळाची रासायनिक घडण ठरवते.

यातील सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की, खनिजाला अनेकदा कुजण्याची क्रियाच बोलावून आणते. डेरेक ब्रिग्ज आणि अमांडा किअर या जीवाश्म-अभ्यासकांनी 1990च्या दशकात कोळंब्या खाऱ्या पाण्याच्या बंद भांड्यांत कुजू दिल्या, तेव्हा काही आठवड्यांतच स्नायूंवर कॅल्शियम फॉस्फेट जमलेले आढळले, आणि ते फॉस्फेट मुख्यतः कोळंबीच्या स्वतःच्या शरीरातून आलेले होते. भांडे बंद असल्याने कुजण्यातून निर्माण होणारी आम्लता तेथेच साठते. अशा किंचित आम्लधर्मी पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट सहजी तयार होत नाही आणि फॉस्फेटला वाव मिळतो. निसर्गात साचलेले पाणी आणि घट्ट गाळ हेच काम करतात. ब्राझीलच्या अरारिपे खोऱ्यातील क्रिटेशस काळातले, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडातले, मासे हे याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणता येईल. तेथील चुनखडीचे गोटे फोडले की आत मासा मिळतो, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या स्नायुतंतूंवरचे आडवे पट्टे, काही ठिकाणी तर पेशींची केंद्रकेसुद्धा, फॉस्फेटमध्ये उतरलेली दिसतात. इतका बारकावा टिकला त्या अर्थी हे खनिज मृत्यूनंतर फार तर काही तासांत बसले असावे, असे अभ्यासकांचे अनुमान आहे.

लोहयुक्त गाळात हीच क्रिया वेगळे वळण घेते. जीवाणूंनी सल्फेटपासून बनवलेला सल्फाइड लोहाशी संयोग पावून पायराइट हे लोह-गंधकाचे खनिज होतो. मात्र आजूबाजूच्या गाळात सेंद्रिय द्रव्य कमी असेल तरच पायराइट शरीरापाशी एकवटतो, अन्यथा तो गाळभर विखुरतो. न्यूयॉर्क राज्यातील बीचरच्या थरात ट्रायलोबाइटांचे (कवचधारी, संधिपाद, आता नामशेष समुद्री प्राण्यांचे) पाय आणि स्पर्शिका अशाच पिवळ्या पायराइटमध्ये टिकून आहेत.

काही परिस्थिती मात्र विशिष्ट काळापुरत्याच होत्या. दक्षिण ऑस्ट्रेलियातील एडियाकारा टेकड्यांत 1946 मध्ये रेग स्प्रिग यांना सापडलेले कँब्रियन कालखंडाच्या आधीचे मऊ शरीरांचे ठसे चक्क वालुकाश्मात आहेत, जेथे एरवी मऊ शरीराची खूणही राहत नाही. त्या काळी समुद्रतळावर सूक्ष्मजीवांचे सलग थर पसरलेले होते आणि ते उकरून टाकणारे प्राणी जवळजवळ नव्हते. शिवाय सिलिका (वाळूचे मुख्य द्रव्य) शोषून सांगाडे बनवणारे जीव पुढे फोफावले तसे ते तेव्हा नसल्याने पाण्यात विरघळलेली सिलिका भरपूर असावी, आणि तिनेच वाळू लवकर सांधली, असे एक सबळ मत आहे. कॅनडातील बर्जेस शेल हा चिखलापासून बनलेला खडक सुमारे 50.8 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे कँब्रियन कालखंडातला, आहे. चार्ल्स वॉलकॉट यांनी 1909 मध्ये तो उजेडात आणला. तेथील प्राणी चिखलाच्या लोंढ्यांत एकाएकी गाडले गेले, हे तर खरेच. परंतु रॉबर्ट गेन्स आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये असे मांडले की, त्या समुद्रात सल्फेट कमी व अल्कधर्मिता (आम्लतेच्या उलट गुण) अधिक असल्यामुळे थरांच्या माथ्यावर कार्बोनेटची सांधण लवकर झाली आणि जीवाणूंना लागणारा सल्फेट खाली झिरपणेच बंद पडले. कँब्रियननंतर अशा प्रकारचे जीवाश्म फार विरळ का होतात, याचे मला पटणारे उत्तर यात आहे, कारण पुढे समुद्राचे रसायनही बदलले आणि गाळ खोलवर उकरणारे प्राणीही वाढले.

आता आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग. दख्खनच्या कातळात, म्हणजे प्रत्यक्ष लाव्हात, काही मिळण्याची आशा नाही. मात्र सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दोन उद्रेकांमधल्या काळात साचलेल्या तळ्यांचे थर त्या लाव्हांच्या मध्ये अडकलेले आहेत, आणि त्या तळ्यांच्या पाण्यात ज्वालामुखी खडकांतून आलेली सिलिका मुबलक होती. ती वनस्पतींच्या पेशींत शिरून घट्ट झाली. वर्धा जिल्ह्यातील नवरगाव आणि शेजारच्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलान येथील चर्ट या सिलिकेच्या कठीण खडकांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर फळांच्या आणि खोडांच्या पेशींच्या भित्ती एकेक करून ओळखता येतात. वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छिंदवाड्यातील सौसरजवळच्या अशाच चर्टमधून अझोलाचे अवशेष नोंदवले आहेत, म्हणजे भातखाचरात खत म्हणून सोडतात त्या नाजूक पाणनेच्याचाच हा प्राचीन भाईबंद. प्राण्यांच्या स्नायूंसारखे काही मात्र या थरांत शोधू नये. येथील सिलिकेने जपले ते प्रामुख्याने वनस्पतींना.