‘पुट ऑफ’ म्हणजे नेमकं काय?

तुमचा प्रश्न असा आहे: शब्दकोशात ‘पुट ऑफ’चा अर्थ ‘पुढे ढकलणे’ दिलाय, मग ‘द स्मेल पुट मी ऑफ’ या वाक्यात वासाने कोणाला पुढे ढकललं?

या शब्दापायी मी नुकसान सोसलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सावद्याजवळ केळीच्या एका पॅकहाउसमध्ये मी कामाला होतो. माल परदेशी जायचा, मेल मी बघायचो. एकदा खरेदीदाराची एवढीच ओळ आली: ‘लोडिंग विल हॅव टू बी पुट ऑफ.’ आपल्याकडे ‘लाइट पुट ऑफ कर’ हे सर्रास कानावर पडतं, त्यामुळे मी अर्थ लावला की लोडिंग बंद, सौदा मोडला. फण्या करून, धुऊन, खोक्यांत भरलेला माल त्याच संध्याकाळी पडेल भावात इथल्याच व्यापाऱ्याला देऊन टाकला. तिसऱ्या दिवशी रिकामा कंटेनर दारात उभा! लोडिंग फक्त दोन दिवस पुढे गेलं होतं. १३-१४ अंशांच्या कोल्ड रूममध्ये कच्ची केळी तेवढे दिवस सहज राहिली असती. सौदा रद्दच करायचा असता तर त्यांनी ‘कॉल ऑफ’ लिहिलं असतं.

आता तुमचं वाक्य. इथे ‘ऑफ’ला मराठीतला ‘वरून’ समजा. ‘द स्मेल पुट मी ऑफ माय फूड’ म्हणजे वासाने जेवणावरून मन उडालं. शेवभाजी समोर आहे, तर्री छान आलीय, पण तेल खवट लागतंय आणि घास तोंडाशी नेववत नाही, ते हे. तारीख ठरल्या दिवसावरून हलवली तर ‘पुढे ढकलणे’. माणसालाच दारावरून परत लावलं, म्हणजे उधारी मागायला गेलो की ‘उद्या या, सोमवारी या’, तर ‘ही कीप्स पुटिंग मी ऑफ’, टोलवतोय. हिशेब करताना शेजारी कोणी बडबडत असेल तर ‘यू आर पुटिंग मी ऑफ’, लक्ष कामावरून उडतंय. दिव्याचा अर्थ वेगळा, तो तसाच लक्षात ठेवा.

अशी जोडी आपल्याला परकी नाही. आपण खान्देशात ‘तो जाऊन राहिला’ म्हणतो, त्यात राहणं कुठे असतं? वर मीच ‘देऊन टाकला’ लिहिलं, त्यातही काही फेकलेलं नाही. दोन शब्द एकत्र आले की दुसरा आपला मूळ अर्थ सोडतो, आणि ते आपण लहानपणापासून न शिकवता बोलतो. म्हणून ‘पुट’ आणि ‘ऑफ’चे सुटे अर्थ पाठ करण्यापेक्षा पूर्ण वाक्यं कानात साठवा.

वापरताना दोन चुका फार होतात. ‘इट’, ‘हिम’, ‘मी’ असे शब्द मध्येच बसतात: ‘पुट इट ऑफ’, ‘पुट ऑफ इट’ नाही. आणि पुढे क्रियापद आलं तर ‘पुट ऑफ गोइंग’, ‘पुट ऑफ टू गो’ नाही.

तारीख पुढे जाते तेव्हा ‘पुट ऑफ’नंतर बहुधा ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’, म्हणजे ‘पर्यंत’, येतं. मला आलेल्या ओळीत ते नव्हतं. आता मेलमध्ये नुसतं ‘पुट ऑफ’ दिसलं की मी उलट विचारतो, ‘टिल व्हेन?’ आणि उत्तर येईपर्यंत खोकी कोल्ड रूममधून हलवत नाही.