उमराव स्त्रियांची जुनी कोरीव चित्रं घेताना

सतराव्या शतकातल्या फ्लेमिश चित्रकार व्हॅन डाइकच्या ‘आयकॉनोग्राफी’ या नामवंतांच्या कोरीव व्यक्तिचित्रांच्या मालिकेतल्या, फ्रान्सची राणी मारी द मेदिची हिच्या चित्रापासून संग्रह सुरू करतोयस, छान. पण चेहऱ्यावर भाळू नकोस, आधी खालचा मजकूर वाच. ‘पिंक्सिट’ चितारणाऱ्याच्या नावापुढे, ‘स्कल्पसिट’ कोरणाऱ्याच्या, ‘एक्सकुडिट’ प्रकाशकाच्या. अँटवर्पचा प्रकाशक मार्टिन व्हॅन डेन एंडेन याचं नाव असेल तर ठसा, म्हणजे छापलेली प्रत, सुरुवातीचा. ‘जी. एच.’ ही आद्याक्षरं असतील तर १६४५च्या सुमारास छपाईचे तांब्याचे पत्रे नंतरचा प्रकाशक गिलिस हेंड्रिक्स याच्याकडे गेल्यानंतरचा. तीही खरवडलेली दिसली तर आणखी उशिराचा.

मग भिंगातून लेसची कॉलर बघ. तांब्याचा पत्रा झिजला की बारीक रेषा आधी जातात, लेसचा नुसता करडा पट्टा उरतो. आणि खालचा मजकूरच कापून टाकलेला कागद? (विकणारे त्याला हौसेने फ्रेम करून देतात.) कितीही स्वस्त मिळाला तरी मी घेत नाही.